रस्त्याची सावली गेली की नक्की काय काय जातं? (रस्त्याकडेच्या झाडांबद्दल बोलूया)

रानजाई

नमस्कार मंडळी. महिनाभर लिहीन लिहीन म्हणतेय, आज दुपारी बाहेरून भाजून आले आणि लिहायलाच बसले.

आम्ही पुण्यात राहतो, कोथरूडकडे. मुख्य रस्त्यावरून आत वळणारा एक मध्यम रुंदीचा रस्ता आहे, त्यावर आमची सोसायटी, आणि घर ते बसस्टॉप चालत सहा-सात मिनिटं. ह्या सहा-सात मिनिटांत आधी डोक्यावर ऊन असं लागायचंच नाही. कोपऱ्यावर भलामोठा वर्षावृक्ष (रेन ट्री), मग ओळीनं तीन करंज, पुढे दोन पिवळे गुलमोहर आणि स्टॉपवर परत एक वर्षावृक्ष. एकाची सावली संपायच्या आत दुसऱ्याची सुरू. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून हा रस्ता मी असाच पाहिलाय, त्यामुळे कधी त्याच्याकडे लक्षच गेलं नाही, जे आहे ते असणारच असं वाटतं ना माणसाला.

दोन वर्षांपूर्वी रस्ता काँक्रीटचा झाला. कोपऱ्यावरचा वर्षावृक्ष रुंदीकरणात गेला. स्टॉपवरचा तोडला नव्हता, पण कंत्राटदारानं त्याच्या बुंध्याला अगदी चिकटवून सिमेंट ओतलं आणि वर पेव्हर ब्लॉक बसवले, गटाराची लाईन टाकताना एका बाजूची मुळं जेसीबीनं तोडली ती वेगळीच. पुढच्या उन्हाळ्यात अर्धं झाड वाळलं, मग "धोकादायक" म्हणून तेही गेलं. पिवळ्या गुलमोहरातला एक पावसात पडला.

आता राहिले तीन करंज आणि एक गुलमोहर. म्हणजे मोजायला गेलं तर सातातली तीनच झाडं गेली. पण रस्ता पूर्ण बदललाय. सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत, रोज सकाळी दहाच्या सुमाराला भाजी आणायला स्वतः जायच्या, वाटेत स्टॉपच्या झाडाखाली पाच मिनिटं टेकायच्या. गेले दोन उन्हाळे त्या मार्च ते जून बाहेर पडत नाहीत. "मधे उभं राहायला जागाच नाही गं" एवढंच म्हणतात. झाडाखाली चपला शिवणारे एक काका बसायचे, ते गेले. शेजारी लिंबूसरबताची गाडी असायची, ती गेली. रिक्षावाले स्टॉपला न थांबता पुढच्या सिग्नलजवळच्या वडाखाली थांबायला लागले, त्यामुळे आता रिक्षा हवी असली की तिथवर उन्हातून चालत जा.

मुलगा नववीत आहे. नवऱ्याच्या कारखान्यात मशीनच्या बेअरिंगचं तापमान बघायची इन्फ्रारेड गन असते, ती एका रविवारी आणली आणि दोघं बापलेक दुपारी दोन वाजता रस्ता मोजत फिरले. उघड्यावरचं काँक्रीट पन्नाशीच्या वर, जुना डांबरी पट्टा जिथे उरलाय तिथे साठीला टेकलेला, आणि करंजाखाली तोच रस्ता, तीच वेळ, अडतीस-एकोणचाळीस. मुलगा म्हणाला आई गन बिघडली असेल, म्हणून परत जाऊन मोजलं, तेच आलं.

तर मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. हे सगळं नुसत्या सावलीमुळे होतं की झाड आणखी काही करतं? आणि आता आम्ही परत लावायचं ठरवलं तर काय लावायचं, कुठे लावायचं, कारण "हे लाव, ते लाव" सांगणारे खूप भेटले पण रस्ता बघून कोणी सांगत नाही.

उष्मागतिक

रानजाई, गन बिघडलेली नाही, मुलाला शाबासकी सांगा. मी वातानुकूलनाच्या धंद्यात तीस वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, हवेचं तापमान आणि आपल्याला लागणारी उष्णता ह्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत सांगतात ते ३९ अंश हे सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचं. पण तुम्ही रस्त्यावर उभ्या असता तेव्हा वरून सूर्य, खालून तापलेलं काँक्रीट, बाजूनं तापलेली कंपाउंडची भिंत आणि उभ्या गाड्यांचे पत्रे असे सगळे मिळून तुमच्यावर उष्णता फेकत असतात. तव्याजवळ हात नेला की तव्याला न लावताही धग लागते, तसंच. झाड वरचं ऊन अडवतं हे तर दिसतंच, पण त्यामुळे खालचा रस्ता आणि भिंत तापतच नाही, म्हणजे खालून आणि बाजूनं येणारी धगही बंद. म्हणून हवा फक्त दोन-तीन अंशांनी गार असली तरी माणसाला "हुश्श" वाटतं.

दुसरं, पाणी. झाड मुळांतून पाणी ओढतं आणि पानांतून वाफ करून सोडतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते, आपल्या विजेच्या भाषेत जवळपास ०.६८ युनिट. मोठं, पाणी मिळत असलेलं झाड दिवसाला १०० लिटर सहज सोडतं. म्हणजे ६८ युनिट उष्णता हवेतून काढून घेतली. दीड टनाचा एसी तासाला सव्वापाच युनिट उष्णता खोलीबाहेर काढतो, हिशेब करा, तेरा तासांचं काम झालं. आणि एसी ती उष्णता रस्त्यावरच फेकतो, वर स्वतःच्या विजेची उष्णताही त्यात घालतो. एक मात्र खरं की एसी बंद खोलीत काम करतो आणि झाड मोकळ्या हवेत, वारा आला की तो गारवा पसरून जातो, त्यामुळे एकट्या झाडाखाली हवेतला फरक थोडा आणि ओळीनं झाडं असली की जास्त.

तुमच्या स्टॉपवरच्या झाडाचं जे झालं तेही ह्याच हिशेबात बसतं. मुळांशी पाणी पोचलं नाही की झाड पानांची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं, पाणी वाचवतं. म्हणजे सिमेंटनं गळा आवळलेलं झाड उभं दिसतं, सावलीही थोडीफार देतं, पण गारवा देणं त्यानं केव्हाच बंद केलेलं असतं.

सुमेध_बंगळूर

काकांनी मस्त समजावलं. मी गेली बारा वर्षं बंगळुरात आहे, इथे ह्याची नीट मोजणी झालेली आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३चा अभ्यास आहे, झाडं असलेले रस्ते आणि नसलेले रस्ते दुपारी मोजले, तर हवेच्या तापमानात ५.६ अंशांपर्यंत फरक आणि डांबराच्या पृष्ठभागात २७.५ अंशांपर्यंत. रानजाईंच्या मुलाचे आकडे बघा, त्याच्याच आसपासचे आहेत. धूळ आणि सल्फर डायऑक्साइडही झाडांच्या रस्त्यांवर कमी सापडला होता.

आणि बंगळूरची झाडं आपोआप उगवलेली नाहीत हे इथे आल्यावर कळलं. इथल्या लालबाग उद्यानाचे क्रुम्बिगल म्हणून जर्मन उद्यानतज्ज्ञ होते, १९०८मध्ये आले, त्यांनी रस्त्यांसाठी झाडं निवडताना वर्षभर एकामागून एक कुठलं ना कुठलं झाड फुलत राहील असा क्रम लावला. मग ऐंशीच्या दशकात नेगिनहाळ नावाच्या वनाधिकाऱ्यांनी शहरभर लाखो रोपं लावली. कुणीतरी बसून विचार केला होता, ह्या झाडाशेजारी कुठलं, ह्या रस्त्याला कुठलं. आज आपण "एक कोटी वृक्ष" म्हणतो पण कुठे लावले ते विचारत नाही.

विदर्भकन्या

रानजाई ताई तुमचं वाचून पोटात तुटलं कारण आमच्या नागपुरात हेच झालं, फक्त आमच्याकडे पारा ४५-४६ असतो. झाडांच्या सिव्हिल लाइन्समधून निघून सिमेंट रोडवाल्या भागात शिरलं की गाडीवर बसल्या बसल्या समजते, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं. आता उन्हाळ्यात सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात, गाडीवाल्यांना तेवढंच मिनिटभर सावलीत उभं राहता यावं म्हणून. बांधतात ते चांगलंच करतात, मीपण रोज त्या जाळीखाली थांबते अन् मनातून आभारच मानते. पण दर वेळी वाटते की इथं कडुलिंब असता तर जाळी बांधावी लागली नसती.

कडुलिंबाबद्दल सांगते, माझी आजी म्हणायची लिंबाखाली खाट टाकली की कूलर नको. लिंब फेब्रुवारी-मार्चात पानं टाकतो अन् गुढीपाडव्याला कोवळी लाल पानं घेऊन तयार, म्हणजे खरं ऊन सुरू व्हायच्या वक्ताला बरोब्बर डेरा भरलेला. पाडव्याला आपण ती पानं खातो अन् मग सावलीत बसतो. झाडाला आपल्या उन्हाळ्याचं वेळापत्रक पाठ आहे.

अजिंक्य_ठाणे

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत पार्क केलेल्या माझ्या गाडीवर पिवळ्या गुलमोहराची फांदी पडली, गाडीचं छत आत गेलं. त्याआधी दहा मिनिटं माझी बायको आणि मुलगी त्याच गाडीतून उतरल्या होत्या. त्या दिवसापासून वारा सुटला की मला झोप येत नाही. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी, मे २०२१मध्ये, मुंबईत शेकड्यांनी झाडं पडली होती ती सगळ्यांनी पाहिलीत. झाडांमुळे गारवा असतो हे मला मान्य आहे, लहानपण झाडांखालीच गेलंय, पण ज्याच्या डोक्यावर फांदी पडते त्याचं काय? झाड हवं असं म्हणणाऱ्यांनी ह्याचं उत्तर दिलं पाहिजे असं मनापासून वाटतं.

रानजाई

अजिंक्य, राग कसला, वाचतानाच काळजात धस्स झालं. लेकीला सांभाळा. आमच्याकडचा गुलमोहर पडला तेव्हा खाली कोणी नव्हतं हे नशीबच. ह्यावर जाणकारांनी नक्की लिहा, मला पण हवंय हे उत्तर, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच येणार आहे.

हिरवा_अंकुर

वनस्पतिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. अजिंक्यचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून आधी तो घेतो.

झाड पडण्याची कारणं बहुतेक वेळा जमिनीखाली असतात. लोकांना वाटतं मुळं खोल सरळ खाली जातात, पण पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोन-अडीच फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत आडवी पसरलेली असतात. आता त्याच दोन-अडीच फुटांत आपण काय काय करतो? केबलसाठी चर खणतो, गटार घालतो, फूटपाथचा पाया घालतो, आणि प्रत्येक वेळी एका बाजूची मुळं कापतो. शामियान्याचे एका बाजूचे दोर कापले तर तो दुसऱ्या बाजूला कोसळणारच. वर परत वायरीच्या बाजूच्या फांद्या छाटायच्या आणि दुसऱ्या बाजूच्या तशाच ठेवायच्या, म्हणजे वजन सगळं एका अंगाला. मग जोराचा वारा आला की झाड जातं आणि आपण म्हणतो झाड धोकादायक होतं.

दुसरं कारण म्हणजे निवड. गुलमोहर मादागास्करचा, सुंदर आहे, पण त्याची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. पिवळा गुलमोहरही वादळात फांद्या टाकतो. हे बागेत लावावेत, अरुंद रस्त्यावर पार्किंगच्या डोक्यावर नाही. वर्षावृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला, त्याच्याइतकी रुंद छत्री फार थोडी झाडं देतात, पण त्याला जागाही तेवढीच हवी. मुंबईत २०१०नंतरच्या काही वर्षांत मिलीबग म्हणजे पांढऱ्या ढेकण्यानं कितीतरी वर्षावृक्ष वाळले. एकाच जातीची ओळ असली की एक रोग येतो आणि रस्ताच्या रस्ता उघडा पडतो.

तेव्हा उत्तर असं की पावसाळ्याआधी दरवर्षी प्रत्येक झाडाची नजरेनं तपासणी, दोन्ही बाजूंनी समतोल छाटणी, पोकळ आवाज येणारा बुंधा, बुंध्याशी उगवलेली अळंबी, एका बाजूची जमीन उचलली जाणं ही लक्षणं ओळखणं, आणि खरोखर धोकादायक असेल ते झाड काढणं. हो, काढणं. मी झाडांवर जीव लावणारा माणूस आहे तरी सांगतो, खरोखर पोकळ झालेलं झाड शाळेच्या दारात उभं ठेवू नये.

प्राची_मेलबर्न

अंकुर सरांनी एकाच जातीबद्दल लिहिलंय त्यावरून आठवलं. इथे मेलबर्नला बारा-तेरा वर्षं सलग दुष्काळ पडला होता, साधारण १९९७ ते २००९, त्यात शहरातली असंख्य झाडं खंगली. त्यानंतर २०१२मध्ये शहरानं झाडांचं धोरण केलं. त्यात एक नियम मला फार आवडतो: एका जातीची झाडं एकूण झाडांच्या ५ टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) १० टक्के, एका कुळाची २० टक्के. आणि ध्येय झाडांच्या संख्येचं ठेवलेलं नाही, वरून बघितलं तर शहराच्या सार्वजनिक जागेचा किती भाग पानांखाली झाकलेला आहे ह्याचं आहे, २२ टक्क्यांवरून २०४० पर्यंत ४० टक्के. रानजाई जे म्हणताहेत ना, सातातली तीनच गेली पण रस्ता गेला, ते संख्येत दिसतच नाही, आच्छादनात लगेच दिसतं.

इथे प्रत्येक झाडाला नंबर आणि ईमेल पत्ता दिला होता, फांदी मोडली वगैरे कळवायला, आणि लोक झाडांना चक्क पत्रं लिहायला लागले, तू माझ्या खिडकीसमोर आहेस म्हणून बरं वाटतं अशी. आई आली होती तेव्हा तिला वाचून दाखवली, ती म्हणाली आपण वटपौर्णिमेला वडाशी बोलतो तसंच की गं हे.

पारावरचा

प्राचीताई अगदी मनातलं. आपल्याकडे गावाचा चौक म्हणजे झाडच असायचं. वड-पिंपळाभोवती पार बांधला की तीच बैठक, तोच बाजार, तिथेच न्याय. मुंबईत वडाळा, चिंचपोकळी, फणसवाडी ही नावं झाडांवरूनच पडली म्हणतात. रानजाईंच्या चपला शिवणाऱ्या काकांची जागा, सरबताची गाडी, रिक्षास्टँड हे सगळं झाडानंच ठरवलेलं होतं की. नकाशावर कोणी आखलं नव्हतं.

दादर पारसी कॉलनीत जाऊन बघा कोणी गेलं नसेल तर. प्लेगनंतर १८९८मध्ये मुंबई सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, त्यानंतर दादर-माटुंगा भाग आखला गेला, त्यात मंचरजी जोशी ह्या अभियंत्यांनी ही वसाहत उभी केली आणि रस्त्यांची झाडंही विचार करून लावली. दुपारी टिळक पुलाकडून चालत आत शिरलं की पहिल्या वळणावरच खांदे खाली येतात. मी माटुंग्याला नोकरीला होतो तेव्हा डबा खायला मुद्दाम तिकडे जायचो.

मृणाल_फलटण

रस्त्याची सावली म्हटलं की मला वारी आठवते. पालखी मार्ग रुंद झाला, चालायला-वाहनांना सोय झाली हे खरंच, पण जुन्या रस्त्याकडेची वडा-चिंचांची झाडं गेली. माझे वडील पंधरा वर्षं चालतात, त्यांच्या विसाव्याच्या जागा झाडांवरून ठरलेल्या होत्या, अमक्या चिंचेखाली पाणी, तमक्या वडाखाली भाकरी. आता ते म्हणतात विसावा किलोमीटरच्या दगडावर घेतो. नवी रोपं लावलीत, ती मोठी होवोत, पण माझ्या वडिलांना ती सावली मिळणार नाही.

रानजाई

मृणाल, वडिलांना माझा नमस्कार सांग. तेच तर. "एकाच्या बदल्यात अमुक झाडं लावू" असं आम्हालाही सांगितलं गेलं, आणि लावली असतीलही कुठेतरी टेकडीवर, त्याबद्दल तक्रार नाही, टेकडीला झाडं हवीतच. पण टेकडीवरचं झाड बसस्टॉपवर सावली टाकत नाही ना.

अॅड_शुभदा

कायद्याचं थोडं सांगते. महाराष्ट्रात १९७५चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्याखाली प्रत्येक शहरात वृक्ष प्राधिकरण असतं, आणि खासगी आवारातलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं गेलं आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची अशी तरतूद आली. तोडायच्या आधी झाडावर नोटीस लावतात आणि हरकती मागवतात. तर सगळ्यांना विनंती, झाडावर कागद चिकटवलेला दिसला की थांबा, वाचा, फोटो काढा आणि मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. तोंडी बोलण्याला काही अर्थ राहत नाही. आणि नुसतं "तोडू नका" असं लिहू नका, "रस्ता इतका रुंद आहे, झाड ह्या कडेला आहे, फूटपाथ इथून वळवता येतो" असं मोजमापासकट लिहा, त्याचा परिणाम वेगळा होतो. सांगलीजवळ भोसे गावचा चारशे वर्षांचा वड २०२०मध्ये लोकांच्या आग्रहानं वाचला होता, महामार्गाची आखणी बदलली होती. होतं, प्रयत्न केला तर.

दुसरं म्हणजे बुंध्याभोवतीचं काँक्रीट. राष्ट्रीय हरित लवादानं (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायालयच म्हणा) २०१३मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला आणि तिथलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. अर्जात ह्याचा उल्लेख जरूर करा.

चिन्मय_जो

पुण्यातच चांगलं उदाहरण आहे की. जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद केले तेव्हा जुनी झाडं तशीच ठेवली आणि त्यांच्याभोवती बसायला जागा केली. मे महिन्यात दुपारी दोन वाजता जा, म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं, सामान घेऊन थकलेले लोक, सगळे बसलेले दिसतील. आणि तिथून निघून कुठल्याही उघड्या उड्डाणपुलाखालच्या चौकात जा. तीच वेळ, तेच शहर.

हिरवा_अंकुर

आता रानजाईंचा दुसरा प्रश्न, काय लावायचं. आधी ह्याची उत्तरं द्या: फूटपाथ किती रुंद, वरून वायरी जातात का, रस्ता कुठल्या दिशेला धावतो?

रानजाई

सर, फूटपाथ दोन मीटरच्या आसपास. एका बाजूला वायरी आहेत, दुसऱ्या बाजूला नाहीत. रस्ता उत्तर-दक्षिण.

हिरवा_अंकुर

छान. उत्तर-दक्षिण रस्त्यावर दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून पश्चिमेच्या फूटपाथची झाडं जास्त कामाची, त्यांची सावली तीन-चार वाजता रस्त्यावर पडते. आणि भर दुपारी इमारतींच्या सावलीचा उपयोग नाही. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावली दिवस असतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर, इमारत कितीही उंच असली तरी तिची सावली तिच्या पायाशीच. तेव्हा डोक्यावर छत धरायचं काम फक्त झाडच करू शकतं.

वायरी नसलेल्या बाजूला करंज लावा, तुमच्याकडे तीन आधीच जगलेत म्हणजे माती मानवलीये. करंज मार्चच्या आसपास पानं टाकतो आणि एप्रिलात पोपटी पानांनी गच्च भरतो. पानांवर फोड येतात ते बघून घाबरू नका, त्यानं झाड मरत नाही. वायरींच्या बाजूला बकुळ, हळू वाढते पण सदाहरित, दाट, फांद्या सहसा मोडत नाहीत आणि पहाटे फुलांचा सडा. मधे एखादं तामण लावा, आपलं राज्यपुष्प आहे आणि फार मोठं होत नाही. बहावा मलाही प्राणप्रिय आहे पण तो ऐन फुलतो तेव्हा अंगावर पानं फारशी नसतात, स्टॉपवर तो नको. उभा अशोक आणि पाम सावलीसाठी अजिबात नकोत, त्यांची सावली म्हणजे विजेच्या खांबाची सावली. कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड तर कोणी फुकट दिला तरी घेऊ नका, गुजरातनं २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

आणि रोप बोटभर लावू नका. सात-आठ फुटी, अंगठ्याहून जाड खोडाचं, खड्डा तीन बाय तीन बाय तीन फूट, बाजूला काठी, लोखंडी जाळी. दोन उन्हाळे पाणी. तिसऱ्या उन्हाळ्यात ते स्वतःचं स्वतः बघतं.

पण त्याआधी जे तीन करंज आहेत ते वाचवा. नवं झाड सावली द्यायला दहा-बारा वर्षं घेईल, सासूबाईंना आज चालायचंय.

अजिंक्य_ठाणे

सर, तुमचा आधीचा प्रतिसाद तीनदा वाचला. आमच्या गल्लीतल्या झाडांची तपासणी करून घ्यायचा अर्ज मी आज टाकला. सगळी तोडा असा अर्ज लिहून ठेवला होता, तो पाठवला नाही.

विदर्भकन्या

अजिंक्य भाऊ, हे वाचून लय बरं वाटलं.

रानजाई

(दोन महिन्यांनी परत आलेय, कोणी वाचत असेल तर.)

सरांनी सांगितलं तसं आधी जुन्या झाडांकडे बघितलं. शुभदाताईंनी लिहिलं तसा लेखी अर्ज केला, मोजमापं आणि मुलाच्या तापमानाच्या नोंदी जोडल्या, बुंध्याचे फोटो लावले. दोनदा पाठपुरावा करावा लागला, तिसऱ्यांदा एक तरुण अधिकारी स्वतः आले, गन हातात घेऊन त्यांनीच मोजलं आणि म्हणाले, लगेच करू. तिन्ही करंजांभोवतीचं सिमेंट फोडलं, एक-एक मीटरचा चौकोन मोकळा झाला. खाली माती अक्षरशः विटेसारखी होती. त्यात खिळे सापडले, बुंध्यावरही होते, जाहिरातीचे, छत्तीस काढले. पुण्यात २०१८पासून खिळेमुक्त झाडांची मोहीम चालली तेव्हा मी पेपरात वाचून "छान" म्हणून पान उलटलं होतं, आपल्या दारातल्या झाडात छत्तीस आहेत हे माहीत नव्हतं. माती हलक्या हातानं मोकळी केली, पालापाचोळा घातला.

मग जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर स्टॉपजवळ दोन करंज, समोर तीन बकुळी आणि एक तामण लावलं. एक बकुळ सासूबाईंच्या हातानं. त्यांनी खड्ड्यात माती टाकली आणि मला म्हणाल्या, मी नाही बघणार हिची फुलं, तू वेच. मला तिथेच रडू आलं.

चपला शिवणारे काका मधल्या करंजाखाली बसायला लागलेत. त्यांना फोन करून बोलावलं होतं, सरबताची गाडी मात्र दुसरीकडे बसली, ती परत नाही आली. काका जाळीला हात लावून रोज एकदा रोपांकडे बघून येतात, गाईनं तोंड घातलं की हाकलतात.

उष्मागतिक

रानजाई, डोळे भरून आले. एक विनंती, पुढच्या एप्रिलमध्ये मोकळ्या केलेल्या करंजांखाली परत मोजा. रस्ता नको, पानं मोजा, आणि शेजारी अजून सिमेंटमध्ये अडकलेलं एखादं झाड असेल तर त्याची पानंही त्याच वेळी मोजा. पाणी मिळणाऱ्या झाडाची पानं गार असतात, फरक दिसायला हवा.

रानजाई

मुलानं वहीत लिहून ठेवलंय काका. गुलमोहराचा बुंधा अजून सिमेंटमध्येच आहे, त्याचा अर्ज परवा दिला.

मृणाल_फलटण

ताई, आम्हीपण इथे पालखीतळाजवळ पाच वड लावतोय. दिवाळीनंतर पाणी किती आणि कसं घालता ते सांगाल का?

रानजाई

आठवड्यातून दोनदा, सकाळी लवकर, एका रोपाला दोन बादल्या, एकदम न ओतता हळूहळू, आळ्यात मुरेल तसं. मार्चपासून एक दिवसाआड. आळ्यात वाळका पाला जाड अंथरा, ओल टिकते. आमच्याकडे सहा घरांनी रोपं आणि वार वाटून घेतलेत, आमच्या रोपाचे वार सोमवार आणि गुरुवार.

वडांना जाळी मोठ्या घेराची घ्या, शेळ्या मान आत घालतात.